फोटोतून कापलेला हात

मी निघालो त्या दिवशी तात्या संगमनेरच्या स्टँडवर आले नाहीत. संध्याकाळचं दूध घ्यायची त्यांची वेळ होती. गावच्या दूध संकलन केंद्रावर ते पंचवीस वर्षं मापाला बसत होते आणि एका दिवसासाठीसुद्धा माप दुसऱ्याच्या हातात देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून बॅगा जीपमध्ये टाकून मीच केंद्रावर गेलो. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी होती. तात्यांनी फॅटचं मशीन थांबवलं, टॉवेलला हात पुसले आणि मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी चार शब्द सांगतील. ते हळू आवाजात म्हणाले, "तिकडं काय करतो आसं कुनी इचारलं तर हास्पिटलात हाय म्हन. लई खोलात शिरू नको."

मी नर्स आहे. आपल्याकडे पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात आणि म्हणताना थोडं हसतात. घरची चार एकर शेती, एकुलता एक मुलगा, आणि तो लोकांची अंगं पुसणार, हे तात्यांना कधीच पचलं नाही. मी नर्सिंगला होतो ती सगळी वर्षं गावात मी 'मेडिकलला' होतो. आई मात्र स्टँडपर्यंत आली. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ती खिडकीखाली उभी राहून एकच सांगत होती, पोचलास की आधी जेव, मग फोन कर.

मागे राहिलेल्यांनी मला बऱ्याचदा विचारलं, आणि माझ्यासारखे जे इकडे आले त्यांनीही, की पेपरात आलेल्या माझ्या त्या फोटोचं नेमकं काय झालं. म्हणून एकदाच सगळं लिहितो.

जर्मनीच्या पूर्व भागातल्या एका लहान शहरात, हमरस्त्याला लागून असलेल्या वृद्धाश्रमात मी कामाला लागलो. पहिलं वर्ष भाषा शिकण्यात आणि थंडीशी जमवून घेण्यात गेलं. आता त्यांचे शब्द माझ्या तोंडात बसलेत. सकाळच्या पाळीला मी 'फ्रूडीन्स्ट' म्हणतो, आणि ताईशी फोनवर बोलताना मधूनच 'गेनाऊ' निघून जातं, म्हणजे 'बरोबर, तेच'. माझी बहीण नगरजवळ नागापूरला असते, दाजी तिथल्या एका कंपनीत आहेत. ती विचारायची, हा गेनाऊ कोण तुझा? आम्ही दोघं हसायचो. त्या वर्षातलं हसणं तेवढंच.

माझ्याकडे पहिल्या मजल्यावरच्या नऊ खोल्या होत्या. त्यातल्या रस्त्याकडच्या खोलीत फ्राऊ लांगे राहायच्या. आपण लांगेबाई म्हणू तसं. वय पंच्याऐंशीच्या घरात. पहिल्या दिवशी त्यांनी मला हात लावू दिला नाही, जर्मन माणूस पाठवा म्हणाल्या. जर्मन माणूस नव्हता, त्या मजल्यावर मी होतो आणि फिलिपिन्सची एक मुलगी होती. दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी काम करत राहिलो. त्यांचा उजवा खांदा दुखतो हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कूस बदलताना त्या दात कशा आवळतात ते बघून मला कळलं आणि मी त्यांना डाव्या कुशीवर झोपवायला लागलो. त्यानंतर एक दिवस त्यांनी माझं नाव विचारलं. तेव्हापासून मी हेर गणेश झालो, म्हणजे गणेशराव. माझ्या आयुष्यात मला गणेशराव म्हणणारं ते पहिलंच माणूस.

मग तुकड्यातुकड्यांनी त्यांनी आपली गोष्ट सांगितली. युद्ध संपलं तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. त्यांचं गाव दुसऱ्या देशात गेलं आणि तिथल्या जर्मन लोकांना हाकललं. आईचा हात धरून त्या चालत या शहरात आल्या. इथल्या लोकांचीही भाषा तीच, धर्म तोच, तरी एका शेतकऱ्याच्या माळ्यावर कशीबशी जागा मिळाली, आणि शाळेतली मुलं यांना उपरे म्हणून खडे मारायची. "मी अजून इथली झाले नाही," असं त्या अगदी सहज, चहा गार झाला म्हणावं तसं म्हणाल्या.

फोटोच्या वर्षी दर सोमवारी संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून मोर्चा जायला लागला. झेंडे, ढोल, शिट्ट्या. बाहेरून आलेल्यांनी परत जावं, अशा घोषणा. पहिल्यांदा मी खिडकीतून बघितला तेव्हा त्यात आमच्या आश्रमातल्या एका आजोबांचा मुलगा दिसला. दर रविवारी तो वडिलांना भेटायला यायचा आणि मला हात मिळवून थँक्यू म्हणायचा. त्यानं मला बघितलं नाही. किंवा बघितलंही असेल.

ढोल वाजले की फ्राऊ लांगे घाबरायच्या. त्यांचं वय जणू परत सहा व्हायचं. पलंगाच्या कडेला बसून बूट घालायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, चल, निघायला हवं. त्या सोमवारीही तसंच झालं. निदान दिसू तरी नये म्हणून मी पडदा ओढायला खिडकीशी गेलो. त्या मागून आल्या आणि माझी बाही घट्ट धरली. मी एक हात पडद्यावर ठेवून खाली रस्त्याकडे बघितलं. झालं एवढंच. मग मी पडदा ओढला, त्यांचे बूट काढले आणि पाय चोळत बसलो.

समोरच्या फुटपाथवर एका दैनिकाची तरुण फोटोग्राफर उभी होती. हे मला दुसऱ्या दिवशी पेपर बघून कळलं.

फोटो चांगला होता, हे मला कबूल करायला हवं. काचेत खालच्या झेंड्यांचं प्रतिबिंब पडलं होतं आणि त्या झेंड्यांच्या मधून माझा काळा चेहरा दिसत होता. एका बाजूला अर्धा ओढलेला पडदा, आणि माझ्या कोपराशी सुरकुतलेला, शिरा वर आलेला एक गोरा हात. खाली ओळ होती: 'हा देश कुणाचा?' फ्राऊ लांगेंनी तो कापून आरशाला चिकटवला. मजल्यावर कौतुक झालं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आठवड्याभरात त्या फोटोचे दोन फोटो झाले. मोर्चावाल्यांनी तो कोपराच्या वर कापला. हात गेला. उरला तो पडद्याआडून रस्त्यावर नजर ठेवणारा एक सावळा माणूस, आणि वर मोठ्या अक्षरांत, 'ते घरात शिरले आहेत.' माझ्या बसस्टॉपच्या खांबावर मीच लागलो. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी अख्खा फोटो छापला आणि विचारलं, 'हा गेला तर तुमच्या आईला कोण सांभाळणार?' त्यांनी मला त्यांच्या सभेत बोलायला बोलावलं. मी किती आनंदात आहे ते दोन मिनिटं सांगावं, अशी त्यांची अपेक्षा होती. माणसं भली होती, पण त्यांचं पत्र वाचून मला वाटलं, उद्या माझी पाठ मोडली, मी म्हाताऱ्यांना उचलू शकलो नाही, तर हे लोक माझ्यासाठी काय छापतील? मी गेलो नाही.

आश्रमाच्या मॅनेजर बाईंनी मला बोलावून सांगितलं की काही दिवस मागच्या दारानं ये, धुण्याच्या खोलीकडून, आणि पेपरवाल्यांशी बोलू नको. तुझ्याच भल्यासाठी सांगते, म्हणाल्या. ते काही दिवस तीन महिने चालले. एकदा बसस्टॉपवर एका माणसानं आधी खांबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यानं फक्त आपली पिशवी माझ्या बाजूच्या खांद्यावरून पलीकडच्या खांद्यावर घेतली. त्यानंतर मी बसनं जाणं सोडलं. खोली, मागचं दार, नऊ खोल्या, मागचं दार, खोली. कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचो, तेही बंद केलं. कुणी मला कोंडलं नव्हतं, आणि तरी मी कोंडलेलाच होतो.

फोटो गावाकडेही पोचला. गावातल्या एका होतकरू पुढाऱ्यानं फ्लेक्स लावला. त्यानं मागची खिडकी काढली, झेंडे काढले, फ्राऊ लांगेंचा हातही काढला, आणि मला स्वतःच्या फोटोशेजारी उभं केलं. 'सातासमुद्रापार गावाचे नाव उज्ज्वल करणारे.' म्हणजे कात्री तिथेही चाललीच.

आईनं मूळ फोटो ताईच्या मोबाईलवर बघितला. तिनं झेंडे बघितले नाहीत. मला फोनवर म्हणाली, "ती म्हातारी कोन रं? तिनं तुला कशापायी धरलंय? भ्यालीया ती." मी म्हटलं, हो, घाबरली होती. आई म्हणाली, "आन् तू बी."

पण फोटोबरोबर बातमीचं भाषांतरही मोबाईलवरून फिरलं, आणि मी तिकडे नेमकं काय करतो ते गावाला कळलं. दूध केंद्रावर रांगेतल्या एकानं तात्यांना सगळ्यांसमोर विचारलं, पोरगं म्हाताऱ्यांचं हागमूत काढतं म्हणे? तात्यांनी माप खाली ठेवलं आणि घरी निघून आले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा रांग तशीच ठेवून. हे मला ताईनं सांगितलं. तात्या माझ्याशी तसेही फोनवर फार बोलायचे नाहीत, त्यानंतर तेवढंही बोलले नाहीत.

दीडेक महिन्यानं त्यांच्यावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेल्यात जमा. गावातले लोक त्या बोलण्याशी त्याचा संबंध जोडतात. मी नर्स आहे, तात्या बीपीच्या गोळ्या बुडवायचे हे मला ठाऊक आहे. तरीही गोळ्यांचा हा हिशेब मला एकट्यानं बसल्यावर पटत नाही.

मी तेव्हा निघू शकलो नाही. माझी पदवी नुकतीच जर्मनीत मान्य झाली होती, त्यामुळे राहण्याचा परवाना बदलायचा होता. जुना संपलेला, नवा ऑफिसात अडकलेला. हातात एक चिठ्ठी होती. तिच्यावर मला तिथे राहता येत होतं, काम करता येत होतं, पण देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील याची खात्री कुणी देत नव्हतं. मी परवान्याच्या ऑफिसातल्या खिडकीवरच्या बाईंना वडिलांचे रिपोर्ट दाखवले. त्यांनी ते खरोखर मन लावून वाचले, मला खूप वाईट वाटतंय म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मग मी आईला फोनवर शिकवायला लागलो. ती स्टीलच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा करायची आणि मी इकडून सांगायचो. एक उशी पाठीशी दे. एक गुडघ्यांच्या मध्ये. ओढू नको, कातडी सोलते, खाली चादर घालून चादर ओढ. दर दोन तासांनी कूस बदल. शेजारचे बाळूभाऊ मदतीला यायचे, पण ते त्यांच्या वेळेनं. आई पासष्टीची, तात्या अंगानं थोराड. ती धापा टाकायची आणि म्हणायची, "व्हय, कळलं, सांग फुडं." तात्या त्या वेळी तोंड भिंतीकडे करायचे. मोबाईलमधला मी त्यांना दिसू नये म्हणून, असं मला वाटायचं.

एक दिवस आईनं त्यांची पाठ दाखवली आणि माकडहाडाशी लाल चट्टा दिसला. मला बघताक्षणी कळलं, पडून पडून होणाऱ्या जखमेची ती सुरुवात होती. चार दिवसांनी तिथे जखम होती. माझ्या हाताखालच्या नऊ खोल्यांत एकाही माणसाला ती जखम मी कधी होऊ दिली नव्हती. त्या दिवशी दुपारी मी फ्राऊ लांगेंची पाठ पुसत होतो आणि माझे हात थांबले. त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्यांनी मला धीर बिर दिला नाही. एवढंच विचारलं, "तुझे वडील कुठल्या कुशीवर झोपतात?" मला माहीत नव्हतं. आजारी पडायच्या आधी ते कसे झोपायचे, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

परवाना पाच महिन्यांनी आला. मी त्याच आठवड्यात निघालो.

तात्या पडवीतल्या कॉटवर होते. इतके लहान झाले होते की मला आधी पांघरूणच दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गरम पाणी काढलं, टॉवेल घेतला आणि त्यांचं अंग पुसायला बसलो. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हातात अजून बळ होतं. त्यांना हे नको होतं, निदान माझ्याकडून तरी नको होतं. मी जबरदस्ती केली नाही. बसून राहिलो. पाणी गार झालं, ते टाकून दुसरं आणलं. बऱ्याच वेळानं त्यांनी हात सोडला आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांचा चेहरा पुसला, मान, काखा, पाठ. जखम साफ केली. आयुष्यात पहिल्यांदा मी वडिलांच्या पाठीला हात लावला होता. दोन्ही खांद्यांमध्ये त्यांना एक मोठा तीळ आहे. आईला माहीत होता, मला नव्हता.

तीन आठवड्यांत जखम भरत आली. त्या दिवसांत भेटायला माणसं येत होती. दूध केंद्रावरचा तो रांगेतला माणूसही आला. वाईट नव्हता तो, बोलून गेला होता आणि आता त्याला कुठे बघावं कळत नव्हतं. मी तात्यांची चादर बदलत होतो. तो म्हणाला, लई करतो बरं का पोरगा. तात्यांनी तोंड उघडलं. शब्द गोळा करायला त्यांना फार वेळ लागायचा, आम्ही थांबलो. "त्याचं..." ते म्हणाले, "कामच... त्ये हाय." मी चादरीची टोकं खोचत राहिलो. मान वर केली असती तर तोंडावरचं सगळं दिसलं असतं.

जायच्या आदल्या दिवशी मी दोघांसमोर कागदाचा विषय काढला. मला तिकडचं नागरिकत्व मिळू शकत होतं. आपल्या देशाला मात्र दोन पासपोर्ट चालत नाहीत, तिकडचा घेतला की इकडचा जमा करायचा. न घेतला तर परवान्यावर राहायचं, आणि परवाना म्हणजे सहा महिन्यांच्या वर इकडे राहिलो तर तोही जाणार. तात्यांना पुढे किती दिवस लागतील, मला केव्हा आणि किती दिवस यावं लागेल, कुणी सांगावं? म्हणजे घरी मोकळेपणानं येण्यासाठी मला परदेशी व्हायचं होतं. हे मी कितीदा मनात फिरवून बघितलं होतं, तरी मोठ्यानं बोलताना जीभ अडखळली.

तात्या छताकडे बघत होते. "घे," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "येता... आलं पाह्यजे."

आई तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं. "मंग तू आपल्यातला न्हाई ऱ्हानार?"

"कागदावर न्हाई," मी म्हणालो. घरी गेल्यावर माझी बोली आपोआप वळते.

"कागद मला कुठं वाचता येतो," ती म्हणाली आणि ताट परत मांडीवर घेतलं.

मी अर्ज केला. तो मंजूर व्हायच्या आधीच फ्राऊ लांगे गेल्या, झोपेत. नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी नगरपालिकेच्या हॉलमध्ये आम्ही अकरा जण होतो. ती फोटोग्राफर आली होती. तिनं मला ओळखलं, तो कापलेला फोटो बघून तिला झोप लागत नव्हती म्हणाली, आणि आज एक चांगला काढू का, असं विचारलं. मी नको म्हटलं. तिचा राग आला म्हणून नाही. माझ्याकडे त्या दिवशी दाखवण्यासारखा चेहरा नव्हता. दोन महिन्यांनी भारतीय वकिलातीतून माझा जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला. आतल्या फोटोत पंचवीसचा मी, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेला. त्याच्या चेहऱ्यावर कसलीच शंका नव्हती. मी तो कपाटात कपड्यांखाली ठेवला.

मोर्चे अजून निघतात. मी पुढच्या दारानं जातो, बसनंही जातो, पण खिडकीशी उभा राहत नाही. पडदे बसूनच ओढतो. जर्मन पासपोर्टनं तेवढं बदललेलं नाही, आणि बदलेल असं मला आता वाटतही नाही.

माझ्या जेवणाच्या सुट्टीत गावाकडे साडेचार वाजलेले असतात, तात्यांची कूस बदलायची वेळ. मी रोज व्हिडिओ लावतो. परवा आईनं फोन घेतला, आणि बोलता बोलता तो पलंगावर उताणा ठेवला. मला पत्रा दिसला, मंद फिरणारा पंखा दिसला. ती तात्यांना म्हणत होती, हं, धरा, हात द्या इकडं, हं, बसलं का नीट? मग त्यांना सांगायला लागली की बाळूभाऊंची गाय आज गाभण ठरली, की टाकीला पाणी कमी येतंय. तात्या काहीतरी म्हणाले, ते मला कळलं नाही, तिला कळलं आणि ती हसली. उशी कुठे द्यायची, चादर कशी ओढायची, तिनं मला काही विचारलं नाही. ती विसरून गेली होती की मी फोनवर आहे.

मी डबा न उघडता ऐकत बसलो. हाक मारली असती तर तिनं लगेच फोन उचलला असता, जेवलास का विचारलं असतं. मी मारली नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा आवाज तेवढा बारीक केला, फोन कोटाच्या वरच्या खिशात तसाच चालू ठेवला, आणि पुढच्या खोलीत गेलो.